टाकानिनीच्या उन्हातल्या चार बरण्या

वायपरा, न्यूझीलंड
१८ नोव्हेंबर २०२४

आत्या,

काल रात्री नीट पोचलो. येताना मागच्या सीटवर चार बरण्यांना पट्टे बांधून आणलं होतं, जाताना गाडी अगदी रिकामी वाटली. फेरीबोटीवर एका माणसाने विचारलं होतं, मागे कोण बसलंय. म्हटलं, आत्याकडे सोडायला चाललोय.

तू विचारलंस, हे नक्की काय आहे, आणि मी घाईत पाटीवर काहीतरी खरडलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये मी नुसता अंगठा पाठवतो ही तुझी तक्रार खरी आहे. म्हणून हे पत्र.

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनला चिकटून, समुद्रावर बान्यूल्स नावाचं गाव आहे. तिथे ग्रेनाश जातीच्या काळ्या द्राक्षांची गोड लाल वाइन करतात. गोडी वरून घातलेली नसते. रस आंबत असताना अर्ध्यावरच त्यात द्राक्षांपासूनच काढलेला कडक अर्क ओततात. आंबणं थांबतं आणि द्राक्षाची स्वतःची साखर तशीच राहते. मग ती वाइन गोल पोटाच्या काचेच्या बरण्यांत भरून वर्षभर उघड्यावर ठेवतात, ऊन, थंडी, वारा सगळं खात. वाइन म्हणजे अंधार आणि गारवा असं मी लिंकन विद्यापीठाच्या वर्गात दोन वर्षं शिकलो. त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आमच्या मळ्याच्या उतारावर ग्रेनाशच्या आठ ओळी आहेत. मालक कॉलिनने हौसेने लावल्या आणि आता पस्तावतो आहे, कारण इतक्या थंडीत ती दोन वर्षांतून एकदा धड पिकते. जुलैत तिथे खोदाईचा डिगर येणार आणि त्या ओळी निघणार. मी त्याला म्हटलं, मला बान्यूल्ससारखं करून बघू दे. तो म्हणाला, मे महिन्यात चव दाखव, पण बिघडलेली वाइन माझ्या सेलरमध्ये नको. तुझ्या उत्तरेच्या ओट्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं, म्हणून बरण्या तुझ्या गळ्यात घातल्या.

सहा वर्षं मी या ओळी छाटतोय, आत्या. त्या गेल्या तर मी दुसऱ्याच्या टाक्या धुणारा माणूस उरेन.

जानेवारीच्या पाच तारखेला मी चार महिन्यांसाठी बान्यूल्सला निघतो. तुला काहीच करायचं नाही. नुसतं लक्ष ठेव.

हरीश


टाकानिनी
२ डिसेंबर २०२४

हरीश,

पत्र मिळालं. अक्षर तुझ्या बापासारखंच आहे, म्हणजे वाईट.

बरण्या ओट्यावर आहेत. सकाळी सातला ऊन पहिल्या बरणीला लागतं आणि आठपर्यंत चारही पेटल्यासारख्या दिसतात. शेजारची सामोअन बाई कुंपणावरून खुणेने विचारून गेली, ज्यूस आहे का. मी मान हलवली. शंतनू म्हणतो, आई, ऑफिसात सांगू का की माझी आई अंगणात दारू वाळत घालते? आणि इरा इथल्या पोरांच्या बोलीत पाटीवर लिहिते, "स्वीट अ‍ॅज, आजी." हे कौतुक होतं की नाही ते मला कळलं नाही.

तुला वाटतं उन्हाची ही गोष्ट फ्रान्सने शोधली. पुण्यात तीस वर्षं मी लोणची आणि गुलकंद विकला. गुलकंद काचेच्या बरणीत एकवीस दिवस उन्हात असतो. ऊन म्हणजे बिनधुराची चूल, हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून जाणते. तेव्हा तू मला शिकवू नकोस.

एक मात्र विचारते. बरण्या वरून चतुर्थांश रिकाम्या का ठेवल्यास? घाईत भरल्या का? बुचंही सैल आहेत. आमच्याकडे बरणी गळ्यापर्यंत भरायची, आत हवा राहिली की माल गेला. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच सांगायची.

निघण्याआधी कळव.

आनंदीआत्या


बान्यूल्स
१९ जानेवारी २०२५

आत्या,

मी आलो आणि पहिले दोन दिवस नुसता बघत राहिलो.

समुद्रातून सरळ डोंगर वर जातो आणि अख्ख्या डोंगराला पायऱ्या आहेत. पायरी म्हणजे दगडाची भिंत आणि तिच्यामागे खोलीएवढी जमीन. त्यावर दहा-पंधरा बुटक्या वेली. पुन्हा भिंत. दगड काळपट, पाट्यांसारखा फुटणारा, आणि भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही. एका डोंगरावर किती भिंती आहेत ते मोजायला लागलो आणि चाळिसाला सोडून दिलं. त्याच्यामागे दुसरा डोंगर, तसाच. त्याच्यामागे तिसरा.

मी ज्याच्याकडे राहतो तो जाउमे, वय शहात्तर. तो म्हणतो या भिंती ओळीने लावल्या तर हजारो किलोमीटर भरतील. भिंतींमधून तिरपे पाट काढलेत, वरून बघितलं तर कोंबड्याच्या पायासारखे. पाऊस त्यांतून वाहून जातो, नाहीतर वेलींसकट माती समुद्रात जाईल. तरीही थोडी जातेच. जुन्या काळी हिवाळा आला की लोक खाली वाहून आलेली माती टोपल्यांत भरून पाठीवरून परत वर नेत. दर वर्षी. हे ऐकल्यावर मी डोंगराकडे पुन्हा पाहिलं, आणि मला तो डोंगर वाटेनाच. कोणीतरी हातांनी रचून ठेवलेली वस्तू वाटायला लागली.

मशीन वर चढत नाही. सगळं पाठीवरून. सध्या पडलेली एक भिंत आम्ही लावतोय. जाउमे दगड उचलतो, एकदा हातात फिरवतो आणि बसवतो. दुसऱ्यांदा फिरवायचा नाही हा त्याचा नियम. मी सात-सात वेळा फिरवतो. तो बघतो आणि माझा दगड काढून टाकतो.

वाइनच्या बरण्या गावाच्या दुसऱ्या टोकाला आहेत, अजून पाहिल्या नाहीत. इथे थंडी आहे आणि डोंगरावरून त्रामोंतान नावाचा वारा येतो, त्यात माणूस तिरपा चालतो. तिथे तुमचा उन्हाळा ऐन भरात असेल. आपल्या बरण्या कशा आहेत?

हरीश


टाकानिनी
६ फेब्रुवारी २०२५

हरीश,

आज वाइटांगीची सुट्टी. शंतनू मुलांना घेऊन समुद्रावर गेला आहे. घर शांत आहे, म्हणजे मला नेहमीच असतं, पण आज खरोखरच आहे.

तुझं डोंगराचं वर्णन दोनदा वाचलं. माती परत वर नेणारी माणसं डोळ्यांसमोरून जात नाहीत. टोपली डोक्यावर घेत की पाठीला बांधत, ते विचार.

इकडे ऊन फार आहे. गेल्या आठवड्यात ओटा धुवून घेतला. टोमॅटो भरपूर आले, शेजारणीला दिले, तिने केळी दिली. बाकी सगळं ठीक. खिडकीतून दोन्ही बरण्या दिसतात, रंग चांगला आहे.

तब्येतीला जप. त्या वाऱ्यात कान झाकून फिर, ऐकू न येण्यात काही मजा नाही.

आनंदीआत्या


बान्यूल्स
२७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

टोपली पाठीला, कपाळावरून पट्टा. जाउमेच्या आईच्या कपाळावर त्या पट्ट्याची खाच शेवटपर्यंत होती.

तुझ्या खिडकीतून दोनच दिसतात, बाकीच्या दोन कुंपणाकडे असतील. दोन दिसतात तेही पुरे.

काल बरण्या पाहिल्या. एका जुन्या घराच्या गच्चीवर, उघड्या आभाळाखाली, तीनशेच्या वर. मी जिन्यातून डोकं वर काढलं आणि तिथेच थांबलो. प्रत्येक बरणीचा रंग वेगळा. या वर्षीच्या डाळिंबासारख्या, त्यामागच्या विटेसारख्या, सगळ्यांत मागच्या चहासारख्या. वारा सुटला होता, समुद्रावर पांढऱ्या लाटा होत्या, आणि सगळ्या बरण्या निवांत बसलेल्या. मला देवळात शिरल्यासारखं झालं, आणि तुला माहीत आहे मी देवळात फारसा जात नाही.

जाउमेने एकीचं बूच काढून वास दिला. सुकं अंजीर, कॉफी, भाजलेला अक्रोड आणि आणखी काहीतरी ज्याला मला शब्द नाही. ते सगळं त्या काळ्या द्राक्षांतून आलेलं. त्यात दुसरं काही घातलेलं नाही.

एक गोष्ट मी पुस्तकात नीट वाचलीच नव्हती. सगळ्या बरण्या वरून रिकाम्या होत्या आणि बुचं सैल. जाउमे बोटाने ती रिकामी जागा दाखवत म्हणाला, अर्धं काम ऊन करतं, अर्धं ही जागा करते. दिवसा वाइन फुगते, रात्री आकसते, आणि तशी ती श्वास घेते. गळ्यापर्यंत भरून बंद केली तर एक तर काही होणार नाही, नाहीतर काच फुटेल. मी आपल्या बरण्या त्या फ्रेंच पुस्तकातल्या चित्रावरून भरल्या होत्या. नशीब म्हणायचं.

कॉलिनची ईमेल आली. डिगर चौदा जुलैला. चव मे अखेरीला. मी अकरा मेला ऑकलंडला उतरतो.

हरीश


टाकानिनी
१७ मार्च २०२५

हरीश,

तुझं पत्र काल आलं. मी ते उभ्यानेच वाचलं.

खिडकीतून दोन दिसतात, कारण दोनच होत्या.

डिसेंबरात तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलं, पोरगं घाईत आहे, याला बरणी भरता येत नाही, आपण सावरून घ्यावं. वीस तारखेला मी नळी उकळली, उन्हात वाळवली आणि चौथी बरणी टेबलावर ठेवून बाकीच्या तिन्हींमध्ये उतरवली. तिन्ही गळ्यापर्यंत भरल्या. बुचं दाबून बसवली, वर मेण ओतलं. हात जुन्या सवयीने आपोआप चालले. रिकामी बरणी धुवून गराजमध्ये ठेवली. तीस वर्षं मी जे करा म्हणून मुलींना ओरडले तेच इथे केलं, आणि मला अभिमान वाटला.

अठ्ठावीस जानेवारीला फार तापलं. दुपारी दोनला मी ताक घ्यायला उठले तर ओट्यावरून लाल पाणी गवताकडे चाललेलं. काच फुटल्याचा आवाज मला आला नाही. शेजारणीला आला, ती कुंपणावरून हात हलवत होती. मधली बरणी उभी चिरली होती. वीस लिटर गेलं.

शेजारीण जांडल, म्हणजे रबरी चपला, घालून काचांवरून आली आणि मला धरून बाजूला बसवलं. मग आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो, कारण वास. तापलेल्या काँक्रीटवरून तो वाफेसारखा वर येत होता. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि दारूचा वास म्हणजे तुझे आजोबा उशिरा घरी आल्यावर यायचा तो, एवढंच मला ठाऊक. हा तो नव्हता. गुळाची ढेप फोडल्यावर आतून येतो तसा. त्याच्यामागे गुलाब, शिळा झालेला. त्याच्यामागे तापलेली पितळी कळशी. तुझी बरणी जेमतेम अडीच महिने उन्हात होती, आणि त्यात एवढं सगळं. मला वाटायचं मला ऊन कळतं. मी त्याला पापड वाळवायला, बरणी तापवायला वापरत आले. ते हे असलं काही करत असेल याची मला कल्पनाच नव्हती. शेजारीण मान खाली घालून बसली होती, प्रार्थनेला बसतात तशी.

तुला मेसेज केला असता तर लगेच उत्तर आलं असतं, आणि ते मला वाचायचं नव्हतं. काचेचाच दोष असेल असं मी स्वतःला सांगत राहिले. एकाहत्तराव्या वर्षी घाबरून लपवाछपवी केली.

काल तुझं पत्र वाचून संपल्यावर मेण फोडलं. गराजमधली बरणी आणली आणि दोन्हींमधून तिच्यात उतरवलं. आता तीन बरण्या आहेत, प्रत्येक दोन-तृतीयांश, बुचं सैल. पण उन्हाळा संपत आला. तुझ्या आठ ओळी माझ्यामुळे जातील.

आत्या


बान्यूल्स
६ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचलं. राग आला. वर भिंतीवर गेलो आणि दगड बसवत राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाउमे म्हणाला, आज तू एकही दगड दोनदा फिरवला नाहीस, काय झालं? मी सांगितलं. पुण्याची आत्या, लोणची, मेण, सगळं. त्याला इतकं हसू आलं की त्याला भिंतीवर बसावं लागलं. मग म्हणाला, बाईने बरण्या भरल्या तशी आमच्याकडेही सगळे पिंपं काठोकाठ भरतात, पण ती साठवणीची. तिला बाकी सगळं येतं, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

ते खरं आहे आणि ते मला सांगायचंय. तुझं दोन डिसेंबरचं पत्र मला मिळालं होतं. रिकाम्या जागेबद्दल तू सरळ विचारलं होतंस. मी ते बॅगेत टाकलं आणि उत्तर दिलं नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. चित्र बघून भरल्या होत्या ना. तुला "माहीत नाही" असं लिहायची लाज वाटली. वीस लिटरमध्ये निम्मा वाटा माझा.

आता काय राहिलंय ते मला चाखता येणार नाही. तू वास घे. तिन्हींचा, वेगवेगळा, आणि आठवेल तसं लिही. वाईट असेल तेही. पत्र वायपराच्या पत्त्यावर टाक.

हरीश


टाकानिनी
२५ एप्रिल २०२५

हरीश,

आज अ‍ॅन्झॅक डेची सुट्टी, सकाळपासून ऊन कोवळं आहे. लिहायला हीच वेळ बरी.

पहिली, कुंपणाकडची: अजून लालच. पिकलेलं जांभूळ, आणि बूच काढल्या काढल्या थोडी नवी दारू नाकात जाते. ही कच्ची आहे.

दुसरी: पहिलीसारखीच, पण तळाशी मनुका. मनुका तुपात फुगतात तेव्हाच्या.

तिसरी, जी रिकामी होती आणि मार्चमध्ये भरली: हिच्यात उतरवताना हवा सगळ्यांत जास्त गेली असावी. हिचा काठ विटेच्या रंगाचा झाला आहे. गुळाचा पाक एकतारी व्हायच्या आधी जो वास येतो तो. सुकं अंजीर आहे. आणि त्या दिवशी ओट्यावर जो होता, त्याचा एक धागा.

बाकी मी काही वाढवून लिहिलेलं नाही. तिसरीसमोर रोज बसते, ती काय करते आहे ते बघायला. दिसत काहीच नाही. पण कालची आज नसते.

आत्या


वायपरा
१ जून २०२५

आत्या,

शुक्रवारी झालं. तुझ्याकडून भरून आणलेल्या तीन बाटल्या आणि जाउमेने दिलेली त्याची एक, पंधरा वर्षांची, अशा चार कॉलिनसमोर ठेवल्या. मी ठरवलं होतं, आधी सगळं सांगायचं. फुटलेली बरणी, मेण, तीन महिने हवा नाही. तो ऐकत होता. म्हणाला, चवीच्या नोंदी आहेत का? मी तुझं पत्र काढलं आणि इंग्रजीत सांगत गेलो. एकतारी पाकाशी अडकलो. तो म्हणाला, पुढे.

आपल्या पहिल्या दोन त्याने चाखल्या आणि थुंकल्या. म्हणाला, ठीक, पण याच्यासाठी मी ओळी ठेवणार नाही. तिसरी त्याने थुंकली नाही. त्याने काठ उजेडात धरून पाहिला. मग जाउमेची ओतली.

जाउमेच्या घोटानंतर त्याने पेला खाली ठेवला. मग त्याने तिसरी पुन्हा घेतली, पुन्हा जाउमेची, पुन्हा तिसरी.

"दोन्हींत एकच काहीतरी आहे," तो म्हणाला. "ही कुठे निघाली आहे ते कळतं."

मग विचारलं, "ही म्हातारी व्हायला पंधरा वर्षं?"

म्हटलं, "हो."

"मी तेव्हा ब्याऐंशीचा असेन. असलो तर."

माझ्या मनात मातीच्या त्या टोपल्या होत्या, पण त्या त्याला सांगाव्यात असं वाटलं नाही. तो कोट घालून बाहेर गेला. मी खिडकीतून पाहत होतो. तो उतारावर गेला, पहिल्या ओळीपासून आठवीपर्यंत प्रत्येक ओळ चालला, टोकाला वळला, परत आला. पानं गळून गेली होती, नुसती खोडं. वर जाऊन तो थांबला आणि खाली दरीकडे बघत राहिला, मी बान्यूल्सला पहिले दोन दिवस बघत राहिलो होतो तसा.

खाली येऊन त्याने डिगरवाल्याला माझ्यासमोर फोन केला आणि जुलै रद्द केला. कारण विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "नाही, पुढच्या वर्षीही नको." फोन ठेवल्यावर मला म्हणाला की वरच्या चार ओळींखाली माती सरकते आहे, त्याने आत्ता पाहिलं, आणि त्या फ्रेंच म्हाताऱ्याने मला भिंत शिकवली असेल तर ती इथे उपयोगी पडेल.

बरण्या इकडे शेडच्या छपरावर आणू का असं त्याने विचारलं. म्हटलं, आत्याला विचारावं लागेल. तो म्हणाला, अर्थातच, तिच्याशिवाय तिसरी कुठे होती. तेव्हा विचारतोय. तू नाही म्हणालीस तर त्या तिथेच राहतील.

सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही भिंतीला सुरुवात करतोय. नदीतले दगड येऊन पडलेत, बान्यूल्सच्या दगडांसारखे सपाट नाहीत, गोल आहेत, कसे बसणार मला माहीत नाही. काल संध्याकाळी कॉलिन एकटाच ढिगापाशी उभा दिसला. एक दगड उचलून तो हातात फिरवत होता.

हरीश